नुसते ओठ हलव

निवृत्त बँक अधिकारी म्हणजे समाजाला आयता मिळालेला खजिनदार. गणेशोत्सव असो, वाचनालयाची नवी खोली असो, की कोणाच्या षष्ट्यब्दीचा समारंभ असो, 'हिशेबाचं तेवढं तुम्ही बघा' असे म्हणत पावतीपुस्तक आपल्या हातात कधी येऊन पडते ते कळतही नाही. आपण चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, हे अशा वेळी कोणी जमेला धरत नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या भागातल्या मुलांच्या उन्हाळी गायनवर्गाचा मी असाच खजिनदार झालो.

वर्ग मिरजेतला. तीन आठवड्यांचा, रोज सकाळी आठ ते साडेनऊ. जागा एका देवळाचा सभामंडप, डोक्यावर पत्रा आणि दोन पंखे, त्यांतला एक नावापुरता. मुले चौतीस, वये सात ते चौदा. फी पाचशे रुपये. एकतीस जणांनी भरली, तिघांची बाईंनी आपल्या अधिकारात माफ केली. जमा पंधरा हजार पाचशे. दोन दिवसांत माझे काम संपले. पण माझी नऊ वर्षांची नात त्या वर्गात होती आणि तिला ने-आण करण्याचे काम माझ्याकडेच होते, म्हणून मी मागच्या खांबाशी लोखंडी खुर्ची टाकून रोज दीड तास बसू लागलो. वर्तमानपत्र सोबत असे. पहिल्या आठवड्यानंतर ते उघडले गेले नाही.

मिरज हे गाण्याचे गाव, असे बाहेरची माणसे म्हणतात. ते खोटे नाही. सतारमेकरांच्या गल्लीतून गेले की टांगलेले भोपळे दिसतात. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणे होते. पण गावात तंबोरे होतात म्हणून घराघरांतली मुले सुरात असतात असे नाही. साखर कारखान्याच्या गावातली माणसे काही जन्मतः गोड नसतात.

पहिल्या दिवशी पालकांची अपेक्षा अशी, की बाई मुलांची चाचणी घेतील. एकेकाला पुढे बोलावतील, गाणे म्हणायला लावतील, मग हुशार एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. काही मुले तर त्या तयारीनेच आली होती. एका मुलीच्या आईने मोबाइलवर करिओकेसुद्धा लावून ठेवला होता. बाईंनी असे काहीच केले नाही. एका शाळेत पंचवीस-तीस वर्षे गाणे शिकवून निवृत्त झालेल्या या बाई. त्यांनी गवसणीतून तंबोरा काढला, सावकाश लावला, आणि सगळ्यांना मिळून एकच स्वर म्हणायला सांगितला. सा. पट्टी काळी चार. मुले आकार लावत होती आणि बाई त्यांच्या रांगांमधून फिरत होत्या. मध्येच वाकून एखाद्याच्या तोंडाजवळ कान नेत होत्या. कोणाला काही म्हणाल्या नाहीत, वहीत काही टिपले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या जागा बदललेल्या होत्या. आमच्या नातीचा गळा बरा आहे. आजोबा म्हणून नव्हे, ऐकणारे सांगतात म्हणून लिहितो. तिला बाईंनी तिसऱ्या रांगेत बसवले आणि तिच्या शेजारी एक अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांचे स्टेशनाच्या रस्त्याला पंक्चरचे दुकान आहे. सगळे 'सा' म्हणत असताना हा मुलगा कुठेतरी खाली, विहिरीत घागर बुडावी तसा एक आवाज काढत असे आणि वर-खाली काहीही झाले तरी तिथून हलत नसे. माझ्या खांबापर्यंत तो ऐकू येई. दोन दिवस मी सोसले. तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंना गाठले आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, की त्या मुलामुळे माझ्या नातीचा सूर बिघडेल.

बाई तंबोऱ्याला गवसणी घालत होत्या. म्हणाल्या, "काका, तिचा सूर पक्का असेल तर बिघडायचा नाही. आणि पक्का नसेल, तर आत्ताच कळलेलं बरं नाही का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. तसे ते अजूनही सुचलेले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी माझे सांगतो, कारण त्या आवाजाचा मला एवढा राग का आला, हे मला त्या तीन आठवड्यांतच कळले. १९६८-६९चा सुमार असेल. मी पाचवीत होतो. शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि पाचवीच्या वर्गाने ईशस्तवन म्हणायचे होते. गाण्याचे मास्तर पेटीवर. तालीम चालू असताना ते मध्येच थांबले, कान टवकारले आणि उठून थेट माझ्यापाशी आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." रागावून नव्हे, अगदी प्रेमाने. त्यांना कार्यक्रम चांगला करायचा होता, आणि मलाही रांगेतून काढायचे नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती दयाच होती. संमेलनाच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा राहिलो आणि संपूर्ण ईशस्तवनभर ओठ हलवले. घरी आल्यावर आई म्हणाली, "किती छान म्हटलंत रे!" तिला मी कधी खरे सांगितले नाही.

त्यानंतर मी गायलो नाही. हे वाक्य नाटकी वाटेल, पण त्यात अतिशयोक्ती नाही. घरच्या आरतीला मी झांज घेतो. झांज वाजवणाऱ्याला कोणी गा म्हणत नाही. बँकेच्या सहलीत गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या, की मी गुण मांडायला वही घेऊन बसे. मुलगी लहान असताना तिला झोपवायला अंगाईऐवजी गोष्ट सांगत असे. त्यातून पुढे लिहिणे आले असेल तर मास्तरांचे उपकारच म्हणायचे. पण तो हिशेब मला कधी जुळवता आलेला नाही. पन्नासहून अधिक वर्षे मी 'मला गाण्यातलं काही कळत नाही' असे सांगत आलो. कळत नाही असे नव्हते. मला परवानगी नव्हती.

बाईंनी त्या मुलाला ओठ हलवायला सांगितले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला तंबोऱ्याजवळ बसवले आणि भोपळ्याला कान लावायला सांगितला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा तो मोठा भोपळा, मुलाचे डोके त्यावर लवंडलेले, आणि बाई सावकाश तारा छेडताहेत. पंचम, जोडी, खर्ज. बाकीची मुले हसली. मग बाईंनी एकेकाला कान लावायला दिला आणि हसणे बंद झाले. भोपळ्याच्या आतून तो नाद ज्याने एकदा ऐकला, त्याला 'सूर म्हणजे काय' हे शब्दांनी सांगावे लागत नाही.

नंतर त्यांनी जे केले ते मी नीट पाहिले. त्यांनी मुलाला सांगितले, "तुला येतो तोच आवाज काढ." त्याने तो विहिरीतला आवाज काढला. बाई स्वतः खाली उतरल्या आणि त्याच्या स्वरात आपला स्वर मिळवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मुलाचा आवाज दुसऱ्या कोणाच्या आवाजाशी जुळला असावा, कारण तो एकदम थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्या तिथून एक पायरी वर गेल्या, तो मागून आला. आणखी एक. मध्ये सुटला, त्या परत खाली आल्या. अशी रोज पाच-सात मिनिटे. बाकीची मुले तोवर पाटीवर मात्रा लिहीत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो काळी चारच्या 'सा'वर पोहोचला. रोज नव्हे, पण पोहोचला.

मी बाईंना विचारले, त्याचे असे का होत होते? त्या म्हणाल्या, की बऱ्याच मुलांचे कान चांगले असतात, फसगत दुसरीकडेच होते. शिकवणारा पुरुष असला, की तो आपल्या पट्टीत गातो. लहान मुलाचा गळा त्याच्याहून जवळजवळ एक सप्तक वर असतो. बहुतेक मुले न सांगताच तोच स्वर वरच्या सप्तकात म्हणतात. पण एखादे मूल फार प्रामाणिक असते. मास्तरांचा आवाज जिथून येतो तिथेच आपला न्यायला बघते, आणि तेवढे खाली त्याला जाता येत नाही. मग तो आवाज ना मास्तरांचा ना मुलाचा, असा मधेच लोंबकळत राहतो, आणि सगळे म्हणतात बेसूर आहे.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मास्तरांची पेटी आली. माझे तसेच काही झाले असेल का? असेलही. आता तपासून कोण पाहणार?

असो. एकेकट्याला शिकवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत या मुलाचे काय झाले असते, असा विचार करून पाहिला. तो मुळात गुरूपर्यंत पोहोचलाच नसता. आपल्याकडे शास्त्रोक्त गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, सेवा करायची, गुरूची मर्जी असेल त्या दिवशी, असेल तेवढे पदरात पडायचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी गाण्यासाठी केलेली पायपीट आणि सोसलेले हाल आमच्या भागात आजही सांगितले जातात. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली, आणि मिरजेत त्यांच्यापाशी जो एक मुलगा शिकला त्याने ही रीतच मोडली. विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२ सालचा, इथून जवळच्या कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, त्या उपचारासाठी मिरजेला आला आणि बुवांकडे गाणे शिकला. या माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, फी, फळा, छापील क्रमिक पुस्तके आणि एका खोलीत बसलेली अनेक मुले. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी हे किती विपरीत वाटले असेल याची आज कल्पना येत नाही. गाणे काय गणित आहे, वर्गात शिकवायला? असे म्हणणारे तेव्हा होते आणि अजूनही आहेत. वर्गात तानसेन घडत नाहीत हा त्यांचा आक्षेप. त्यावरचे पलुसकरांच्या परंपरेतले उत्तर प्रसिद्धच आहे, तानसेन नाही तर नाही, कानसेन तर घडतील.

तानसेनही अगदीच घडले नाहीत असे नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही सगळी पलुसकरांचीच शिष्यमंडळी. पण त्यांची खरी कमाई मला दुसरीच वाटते. गाणे शिकण्यासाठी आधी गाणे यावे लागते, ही अट त्यांनी काढून टाकली. (त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. आमच्या धंद्यातल्या माणसाने त्यांचे ताळेबंद पाहिले असते, तर लाहोरलाच कर्ज नाकारले असते. सुदैवाने सगळ्या गोष्टी बँकांना विचारून होत नाहीत.) १९३१ साली मिरजेतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आज गावोगावची मुले चढतात.

या परीक्षांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. परंतु आमच्या वर्गाच्या चौथ्याच दिवशी एका गृहस्थांनी मला, म्हणजे खजिनदाराला, विचारले, "हे सगळं ठीक आहे, पण याचं सर्टिफिकेट कामाला येणार का?" दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. मुलाने तीन आठवडे रोज सकाळी उठून तंबोरा ऐकला याचे मोल किती, हे त्यांना मी कोणत्या व्याजदराने काढून देणार होतो?

वर्गात मुले नेमके काय शिकत होती, ते मला दिसले तसे सांगतो. पहिला राग भूप. तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा; सकाळी साडेआठला, डोक्यावर पत्रा तापायला लागलेला असताना भूप ऐकणे मला जरा चमत्कारिक वाटे, पण शिकवताना वेळेचा नियम कोणी पाळत नाही म्हणतात. भूपच का, तर त्यात पाचच स्वर. सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे कुठलेही दोन स्वर एकमेकांना अगदी खेटून येत नाहीत. चौतीस मुलांतली चार पायरी चुकली, तरी कानाला फार बोचत नाही. चुकायला जागा ठेवणारा राग, असे मी त्याचे नाव ठेवले.

ताल तीनताल. सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्या मात्रेला खाली. खालीला हात उलटा करायचा, टाळी द्यायची नाही. मुलांना सगळ्यात गंमत या खालीची. न वाजवण्याचीही एक जागा असते आणि ती चुकली तर पुढचे सगळे चुकते, हे सात वर्षांच्या मुलाला हाताने कळते. पण मुले मिळून टाळी देऊ लागली, की लय पळते. हे मी रोज पाहिले. कोणी एकटा पळत नाही. सगळे थोडे थोडे पळतात, शेजाऱ्याला धरून पळतात, म्हणून आपण पळतो आहोत हे कोणालाच कळत नाही. नोकरीत काही पतसंस्थांची कर्जखाती अशाच रीतीने पळताना मी पाहिली आहेत. बाई अशा वेळी ओरडत नसत. त्या फक्त आपली टाळी सोडून देत आणि हळूच म्हणत, "ऐका." मुले एकमेकांकडे बघत, दोन-तीन आवर्तनांत लय आपोआप जागेवर येई. ज्याला आपण शिस्त म्हणतो ती बाहेरून लावावी लागते, ही माझी आयुष्यभराची समजूत होती. शाखाधिकारी म्हणून मी तेच केले. इथे ती ऐकण्यातून येत होती.

तेरा-चौदाचा एक मुलगा होता, त्याचा कंठ फुटत होता. आवाज मध्येच चिरके, मुले खिदळत, आणि त्याने यायचे बंद करायचे ठरवले होते. बाईंनी त्याच्या हातात टाळ दिला आणि त्याला मात्रांचा कारभारी केले. त्याला म्हणाल्या, "आवाज बदलतोय तुझा. सहा-आठ महिने जोर लावू नकोस, पण वर्ग सोडू नकोस." नाही तर या वयातली मुले गाण्यातून जी जातात ती कायमची जातात.

आणि आमची नात? पहिल्या आठवड्यात ती त्या मुलावर मात करायला मोठ्याने गात होती. मला आनंद होत होता. दुसऱ्या आठवड्यात तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी घाबरलो; म्हटले, झाले, बिघडली. घरी येताना विचारले तर म्हणाली, "आजोबा, मी मोठ्यानं म्हटलं की त्याला त्याचा आवाज ऐकू येत नाही. मग तो चुकतो." हे तिला बाईंनी सांगितले नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीला एरवी हे कोणी कसे शिकवले असते, मला ठाऊक नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला हा धडा नसतो.

समूहात गाणे आपल्याला नवे नाही. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगेत कोणी कोणाची चाचणी घेत नाही. आरतीला शेजारचे काका भलत्याच पट्टीत असतात आणि देवाची त्याबद्दल तक्रार नसते. पण दिंडी मुलांच्या वाट्याला वर्षातून एकदा येते, आरतीसाठी मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण आहे, आणि शाळेतला संगीताचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. उरतो तो दूरचित्रवाणीचा पडदा. १९९५ साली हिंदीत 'सा रे ग म' सुरू झाले, २००८-०९ साली मराठीत 'लिटल चॅम्प्स'ने घराघरांतले स्वयंपाक उशिरा करायला लावले. त्या मुलांचे गाणे मीही डोळे पुसत ऐकले आहे, आणि नाट्यपदे पुन्हा लहान मुलांच्या तोंडी आली हे त्या कार्यक्रमाचे श्रेय मी नाकारणार नाही. पण त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. मूल गाते म्हणजे ते पुढे येऊन एकटे गाते, समोर कोणीतरी गुण देते, आणि दर काही दिवसांनी एक जण घरी जातो. घरी गेलेल्या मुलाने पुढे गायचे की नाही, हे कोणी विचारत नाही.

त्यामुळे समारोपाच्या कार्यक्रमावरून जे व्हायचे ते झालेच. पालकांची सभा भरली. निम्म्या पालकांना आपल्या मुलाचे एकट्याचे गाणे हवे होते. एका गृहस्थांनी ध्वनिक्षेपकाचा सगळा खर्च देऊ केला, फक्त त्यांच्या मुलीची दोन गाणी ठेवायची. खजिनदाराच्या दृष्टीने प्रस्ताव उत्तम होता. मीही, खरे सांगायचे तर, मनात नातीचे एक गाणे धरून बसलो होतो. मी म्हणालो, "बाई, चार-पाच मुलांना एकेक द्यायला काय हरकत आहे? मुलांचा आत्मविश्वास वाढेल."

बाई म्हणाल्या, "काका, तीन आठवड्यांत एकट्याचं गाणं होत नाही. नुसता आत्मविश्वास होतो. तो गाण्याआधी आला, तर गाणं यायचं राहून जातं."

त्यांनी एकच सवलत दिली. एकेक ओळ तिघातिघांनी म्हणायची, आणि कोण कुठल्या तिघांत हे त्या ठरवणार. दोन घरांनी राग धरून मुले पाठवणे बंद केले. त्यांतली एक मुलगी खरोखर चांगली गात होती, आणि ती गेली याचे बाईंना वाईट वाटले हे मला दिसत होते. त्या पालकांचे अगदीच चूक होते असेही मी म्हणणार नाही. ज्याच्या गळ्यात खरोखर काही आहे, त्याला कधी ना कधी एकट्याने गुरूसमोर बसावेच लागते. देवधरांच्या विद्यालयात लहानगा कुमार गंधर्व वर्गातली पाटी गिरवत राहिला असता तर कुमार गंधर्व झाला नसता. सामूहिक वर्ग ही गवई घडवण्याची जागा नाही, आणि असा दावा करणाऱ्या जाहिराती मे महिन्यात भिंतीभिंतींवर दिसतात, त्या खोट्या असतात. पण गवई होणारे मूल हजारांत एखादे. उरलेल्यांना तोंड मिटायला सांगून आपण त्या एकाची सोय करत आलो, आणि मग त्या एकासमोर बसायला श्रोते नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो.

कार्यक्रम झाला. बत्तीस मुले, पांढरे कपडे, तंबोरा, पेटी, तबल्याला बाईंचा एक जुना विद्यार्थी. पंक्चरवाल्यांचा मुलगा, आमची नात आणि एक चष्मेवाली चिमुरडी असे एक त्रिकूट. ओळ आली. मुलगा 'सा'वर नीट लागला, पंचमाला गेला, आणि धैवतावर घसरला. नात थांबली नाही, जोरातही गेली नाही. तिने तो धैवत थोडा जास्त वेळ धरून ठेवला, तो मागून आला, आणि सम आली तेव्हा तिघे बरोबर होती. श्रोत्यांतल्या फारशा कोणाला हे कळले नसावे. मला कळले, कारण मी श्वास रोखून बसलो होतो.

नंतर चहाच्या वेळी मुलाचे वडील हिशेबाच्या टेबलापाशी आले. त्यांची फी माफ होती. त्यांनी दोनशे रुपये काढून ठेवले. म्हणाले, "पोरगं घरात दिवसभर सा सा करायलंय ओ साहेब. शेजारचे वरडाय लागलेत. पन करू दे म्हटलं." मी पावती केली.

सगळा खर्च जाऊन वर्गाकडे अकराशे चाळीस रुपये उरले. त्यांत तंबोऱ्याच्या तारा आणाव्यात असे ठरले.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नात सकाळी मोबाइलवरचा तंबोरा लावून बसली होती. मी शेजारी चहा घेत होतो. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण म्हणा ना."

"मला येत नाही गं."

"सा येतो की. सा सगळ्यांना येतो."

तिच्या सुरापर्यंत पोहोचण्यासाठी मी मान वर करून जोर लावला. आवाज फाटला. आतून माझी पत्नी डोकावून गेली. नातीने मोबाइल खाली ठेवला आणि बाई वाकत तशी वाकून माझ्या तोंडाजवळ कान आणला.

"तिथं नाही, आजोबा," ती म्हणाली. "तुमचा खाली आहे. तोच सा, पण खालचा. खालून घ्या."

मी खालून घेतला.